मांगराचे छप्पर

मांगर म्हणजे कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, राहत्या घरापासून थोडी सुटी, परसात किंवा बागायतीत बांधलेली साधी वास्तू. पेंढा, सरपण, शेतीची अवजारे, नारळ-सुपारी ठेवण्यासाठी, कधी गुरे बांधण्यासाठी, तर कधी आंबा-काजूच्या हंगामात राखणदाराच्या निवाऱ्यासाठी तिचा उपयोग होतो. अन्यत्र तिला खोप, गोठा, बेडे अशी उपयोगानुसार निरनिराळी नावे आहेत. मांगराच्या भिंती अनेकदा अर्ध्याच असतात, काही वेळा नसतातच. त्यामुळे या वास्तूचे मुख्य अंग म्हणजे तिचे छप्पर होय. गवत, झाप, नळीची कौले, मंगलोरी कौले, लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा पत्रा ही छपराची सामग्री येथे कालक्रमाने वापरात आली; मात्र नवे आले म्हणून जुने पूर्णपणे गेले असे झालेले नाही. एकाच परसात कौलारू घर, पत्र्याचा गोठा आणि झापांचा मांडव आजही एकत्र दिसतात.

हवामान

कोकण किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे २००० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीसारख्या ठिकाणी याहून कितीतरी अधिक. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैऋत्येकडील वाऱ्यासह पडतो. तो सरळ न पडता तिरपा येतो. म्हणून छपराला उतार असणे जेवढे आवश्यक, तेवढीच भिंतीबाहेर आलेली वळचणही आवश्यक ठरते. उरलेल्या आठ महिन्यांत कडक ऊन आणि समुद्राजवळ खारी हवा असते. त्याखेरीज मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात अरबी समुद्रात चक्रीवादळे निर्माण होऊ शकतात. ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, तर ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकत १७ मे रोजी गुजरातेत जमिनीवर आले. दोन्ही वादळांत छपरांची मोठी हानी झाली.

पाऊस, ऊन, खार आणि वारा या चारही गोष्टींना सारखेच तोंड देणारी सामग्री उपलब्ध नाही. निवड करताना कोणती उणीव सोसता येईल, याचाच विचार करावा लागतो.

गवत आणि झाप

भाताचा पेंढा, रानातले वाळलेले गवत आणि नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप ही सर्वांत जुनी सामग्री. तिच्याखाली दुपारी जी थंडाई असते ती दुसऱ्या कोणत्याही छपराखाली मिळत नाही, कारण गवताच्या थरात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. उतार मात्र तीव्र, सुमारे ४५ अंशांचा लागतो. अन्यथा पाणी मुरते आणि गवत कुजते. असे छप्पर दरवर्षी किंवा एक-दोन वर्षांआड नव्याने करावे लागते. वाळवी, उंदीर आणि आग हे त्याचे तीन शत्रू. आज स्वतंत्र छप्पर म्हणून त्याचा वापर तात्पुरत्या मांडवापुरता उरला असला, तरी पत्र्यावर किंवा पत्र्याखाली उन्हाळ्यापुरता झापांचा थर घालण्याची पद्धत टिकून आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

कौल

गावच्या कुंभाराने चाकावर निमुळती नळी घडवून ती उभी चिरली की दोन पन्हळीदार तुकडे मिळतात. हेच नळीचे कौल, ज्याला कोकणात नळाही म्हणतात. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी ओळ पालथी अशी त्याची रचना असते. ही कौले कशालाही अडकवलेली नसतात. केवळ स्वतःच्या वजनाने आणि परस्परांच्या आधाराने ती राहतात. वारा, मांजरे, पडलेल्या फांद्या यांनी ती सरकतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी सर्व कौले काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागतात. या कामाला शाकारणी म्हणतात. (देवाला लावायचा किंवा मतदारांनी द्यायचा कौल हा निराळा शब्द आहे, तो अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ वचन, बोल असा होतो. छपराच्या कौलाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही.)

मंगलोरी कौलाने या दुखण्यावर उपाय आणला. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने दाबून कौले बनवण्याचा कारखाना सुरू केला. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्यासाठी उपयोगी पडली. एकमेकांत गुंतणाऱ्या कौलांची मूळ कल्पना फ्रान्समधील जिलार्दोनी बंधूंची, १८४१च्या सुमाराची. मंगळुरात ती इतकी रुजली की तेथील गावाचेच नाव कौलाला मिळाले. गलबतांतून ही कौले पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत आणि मुंबईत पोहोचली. पुढे केरळात आणि गुजरातेतील मोरबी येथेही असे कारखाने उभे राहिले.

या कौलाची लांबी सुमारे ४१ ते ४२ सेंटिमीटर आणि रुंदी २४ ते २६ सेंटिमीटर असते. कडांना खाचा असून शेजारचे कौल त्यांत बसते. पाठीमागे असलेले उंचवटे रिपेला अडकतात, त्यामुळे कौल घसरत नाही. बऱ्याच कौलांना तारेने बांधण्यासाठी भोकही ठेवलेले असते. एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात आणि त्यांचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. या वजनासाठी वासे मजबूत हवेत आणि रिपा सुमारे ३२ सेंटिमीटर अंतरावर, एका ओळीत, न लचकणाऱ्या हव्यात. पूर्वी वाशांसाठी ऐन, किंजळ, जुना माड, तर हलक्या कामासाठी माणगा जातीचा बांबू आणि रिपांसाठी चिरलेली पोफळ वापरत. उतार साधारण ३० अंश ठेवतात. तो फार कमी केला तर जोराच्या वाऱ्याने पाणी खाचांतून उलटे वर चढते. आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवतात.

भारतीय मानक संस्थेने मंगलोरी कौलासाठी आयएस ६५४ हे मानक ठरवले आहे. परंतु मांगरासाठी बहुधा जुनी, मोडलेल्या घरांची कौलेच घेतली जातात. ती पारखण्याची गावठी रीत अशी की कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवायचे: खणखणीत नाद आला तर कौल नीट भाजलेले आणि अखंड, बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे किंवा ते कच्चे राहिले आहे. शंभर वर्षांपूर्वीची कौलेही या परीक्षेत उतरतात.

असे असूनही कौले मागे पडत आहेत, ती त्यांच्या दोषांमुळे नव्हे. वानर आणि माकडे छपरांवर उड्या मारून कौले फोडतात. माडाखालच्या मांगरावर नारळ पडतो. कौले परतणारा कुशल माणूस गावात उरलेला नसतो. आणि वाशांचे लाकूड कौलांहून महाग पडते. एक कौल फुटले की तेवढेच बदलता येते ही त्याची मोठी सोय खरी, पण ते बदलायला घरात कोणी तरुण माणूस असावा लागतो. गावी केवळ वृद्ध माणसे राहिलेल्या घरांनी पत्रा घातला, तर त्यात आळस शोधणे अन्यायाचे होईल.

लोखंडी पत्रा

‘पत्र’ म्हणजे पान, आणि पानासारखा पातळ ठोकलेला धातूही. लोखंडाच्या पातळ पत्र्याला नागमोडी पन्हळी पाडल्या की तो वाकत नाही, ही युक्ती लंडनमधील अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये पेटंट घेऊन पुढे आणली. गंजावर उपाय म्हणून लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याची कृती स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये नोंदवली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आजचा पन्हळी पत्रा तयार झाला.

बाजारात आता तीन प्रकार प्रामुख्याने मिळतात: जस्ताचा साधा पत्रा, जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र मुलाम्याचा पत्रा (त्यात सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम असते) आणि त्यावर रंगाचा थर दिलेला रंगीत पत्रा. साध्या पत्र्यासाठी आयएस २७७ हे मानक असून त्यात दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त आहे त्यावरून प्रत ठरते. १२० आणि २७५ ग्रॅमचे पत्रे दुकानात सारखेच चकाकतात. फरक कळतो तो समुद्रकाठी काही पावसाळे गेल्यावर. म्हणून खरेदीच्या वेळी जाडीबरोबर मुलाम्याची प्रतही विचारून घ्यावी लागते.

पत्रा कोठून गंजतो याचे निरीक्षण उद्बोधक आहे. छपराच्या वरच्या बाजूवर बसलेला खार पावसाने धुऊन जातो. वळचणीखाली आणि पन्हळींच्या आतल्या अंगाला मात्र पाऊस पोहोचत नाही, आणि खार तेथेच साचून राहतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचा पत्रा पुष्कळदा खालून सडतो आणि वरून चांगला दिसत राहतो. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके हीदेखील गंजाची प्रवेशद्वारे आहेत. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्याला गोठ्यातील शेण-मुताच्या अमोनियायुक्त वाफा मानवत नाहीत. तेव्हा गुरे बांधायची असतील तर खालच्या बाजूसही रंगाचा चांगला थर असलेला पत्रा आणि भरपूर वारा खेळती रचना लागते. ओला चुना आणि ओले सिमेंट जस्त व ॲल्युमिनियम दोहोंनाही खाते. उन्हाळ्यात पत्रा तापू नये म्हणून त्यावर चुन्याची सफेदी मारली जाते. ती कौलावर चालते, पण धातूच्या पत्र्याचे त्याने आयुष्य घटते.

पत्र्याचे ऊन हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. उन्हात गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज तापतो आणि ती उष्णता खाली असलेल्या माणसाजनावरांवर थेट फेकतो. दुभत्या गुरांचे दूध उन्हाच्या त्रासाने घटते. पत्रा फिकट रंगाचा घेणे, छप्पर उंच ठेवणे, आढ्याजवळ गरम हवा बाहेर जाण्यास फट ठेवणे आणि चैत्र-वैशाखात वर झाप पसरणे हे त्यावरील स्वस्त उपाय. थंडीच्या पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरून ते खाली ठिबकते, त्यामुळे पेंढ्याची रास पत्र्याला भिडवून रचू नये.

वारा आणि वजन

पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे पाच किलो, म्हणजे कौलाच्या सातव्या हिश्शाएवढे. त्यामुळे वासे हलके चालतात, खर्च वाचतो. परंतु वादळात हेच हलकेपण उलटते. वाऱ्याच्या दाबाचा हिशेब आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेला आहे. वेग मीटर प्रतिसेकंद धरून त्याचा वर्ग केला आणि ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ११० किलोमीटर वेगाला हा दाब सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे ५७ किलो वजनाइतका होतो.

तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशा मांगराला चहूबाजूंनी अर्धा मीटर वळचण आणि ३० अंशांचा उतार दिला, तर छपराचे क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस मीटर भरते. त्याला जवळजवळ ३४५ कौले लागतील आणि त्यांचे वजन ८०० किलोच्या घरात जाईल. पत्रा घातला तर वजन ११५ किलो. वरील वेगाच्या वाऱ्याने पूर्ण दाब वर उचलण्यासाठी लागला, तर त्याचे बळ १३०० किलोच्या आसपास असेल. प्रत्यक्षात छपराच्या आकारानुसार हा आकडा कमी-अधिक होतो, आणि कौलांमधील फटींतून हवा सुटत असल्याने कौलांवर तो पुष्कळ घटतो. पत्र्याला मात्र फटी नसतात. त्यातही मांगर एका बाजूने उघडा असला की वारा आत शिरून खालून रेटतो आणि त्याच वेळी वरून वाहणारा वारा पत्र्याला ओढतो. उघडा मांगर बंद खोलीपेक्षा अधिक धोक्यात असतो तो यामुळे.

याचा अर्थ असा की पत्रा आपल्या वजनावर मुळीच राहत नाही. तो राहतो तो बांधणीवर. पत्रा आडव्या पाइपाला रबरी वॉशर असलेल्या स्क्रूने किंवा वाकड्या हुकाने, पाइप वाशांना, वासे खांबांना आणि खांब जमिनीतील काँक्रीटला, अशी ही साखळी असते. पत्र्यावर दगड, चिरे किंवा वाळूची पोती ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. सर्वसाधारण वाऱ्यात पत्रा खडखडू नये एवढाच तिचा उपयोग. वादळात पत्रा उचलला गेला की ते दगड खालच्या माणसांवर येतात. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींवर ओढ सर्वाधिक असते, म्हणून तेथे स्क्रू दाट हवेत. वळचण पावसासाठी हवी, पण ती लांबवली की वाऱ्याला धरायला जागा मिळते. अर्धा मीटर हा या दोहोंमधला व्यवहार्य समझोता होय. पत्रे एकमेकांवर चढवताना उघडी कड नैऋत्येकडे येऊ देत नाहीत, आणि त्यासाठी लावणी वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरू करतात.

सिमेंटचा पत्रा

ज्याला बोलीत ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात तो पुष्कळदा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असतो, आणि ते वापरणाऱ्याला अनेकदा ठाऊक नसते. ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी या मिश्रणाचे पेटंट १९०१ मध्ये मिळवले. सिमेंटमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळून तो बनतो. तो गंजत नाही, खाऱ्या हवेला दाद देत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही, पावसाचा आवाज कमी करतो आणि स्वस्त असतो. केवळ छप्पर म्हणून पाहिले तर कोकणाला तो सोयीचाच म्हणावा लागेल.

दोष आहे तो तंतूंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. हे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म असतात. श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथेच राहतात. फुप्फुसे घट्ट होत जाण्याचा ॲस्बेस्टोसिस हा विकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग यांतून उद्भवू शकतात. रोग दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात, त्यामुळे तरुणपणी केलेल्या कामाशी म्हातारपणाच्या आजाराचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. युरोपीय संघात २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याविषयी महत्त्वाचा निकाल दिला. मात्र या पत्र्यांच्या विक्रीवर सरसकट बंदी आलेली नाही.

घट्ट बसवलेला, अखंड पत्रा डोक्यावर असल्याने लगेच धोका होतो असे नाही. तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. धोका संभवतो तो पत्रा करवतीने कापताना, यंत्राने भोके पाडताना, शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासताना आणि फोडताना. नेमकी हीच कामे मांगर बांधताना आणि मोडताना घरची माणसे उघड्या तोंडाने करतात. त्याहून वाईट म्हणजे फुटक्या पत्र्यांचे तुकडे पाणंदीतील चिखलावर भर म्हणून टाकण्याची पद्धत. त्यावरून पाय आणि चाके जाऊन तुकड्यांची पूड होते आणि ती कोरड्या दिवसांत उडत राहते.

जुना पत्रा काढायचाच असेल तर आधी तो पाण्याने पूर्ण भिजवतात, स्क्रू किंवा हुक सोडवून पत्रा अखंड उतरवतात, खाली फेकत नाहीत, आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचरा म्हणून विल्हेवाटीसाठी देतात. साधा कापडी रुमाल या तंतूंना अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा मास्क लागतो. ॲस्बेस्टॉसविरहित तंतू-सिमेंटचे पत्रेही आता मिळतात, पण दोन्ही पत्रे दिसायला सारखेच असल्याने जुना, माहिती नसलेला पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे असे धरूनच हाताळणे योग्य.

आणखी एक धोका याहून तातडीचा आहे. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. गळती बुजवण्यासाठी किंवा पडलेला नारळ काढण्यासाठी त्यावर चढलेला माणूस आरपार खाली पडतो. अशा छपरावर थेट पाय न ठेवता आडव्या आधारांवर फळी टाकूनच जावे लागते.

अन्य सामग्री

ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही, परंतु मऊ असल्याने नारळाच्या माराने चेपतो. त्याला लोखंडी स्क्रू मारले तर खाऱ्या हवेत स्क्रूभोवती तो झिजतो. फायबर किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा संपूर्ण छपराला न वापरता उजेडासाठी एखादाच मध्ये घालतात. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर बहुधा त्याच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वर यावी लागते. उलटा बसवलेला पत्रा लवकर पिवळा पडून चिरकतो. ताडपत्री ही दोन पावसाळ्यांची सोय.

निवड

गुरांसाठी बांधायच्या मांगराला, वाशांचे लाकूड परवडत असेल आणि माकडांचा उपद्रव कमी असेल तर, मंगलोरी कौलाला तोड नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तर कौलाचा पक्ष अधिकच बळकट होतो, कारण भाजलेल्या मातीला गंज चढत नाही. केवळ सरपण व अवजारे ठेवायची असतील तर चांगल्या मुलाम्याचा, फिकट रंगाचा, नीट जखडलेला पत्रा पुरेसा आहे. तेथे खर्च पत्र्याच्या रंगावर न करता खांबांच्या पायावर करावा. माडांच्या थेट खाली कौलही नको आणि सिमेंटचा पत्राही नको. नवा ॲस्बेस्टॉस पत्रा घेण्याचे समर्थन आज किंमत सोडून दुसऱ्या कशानेही करता येत नाही.

कोणतेही छप्पर घातले तरी त्याचे पाणी कोठे पडणार हे आधी ठरवावे लागते. वर उल्लेखिलेल्या मांगरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात असे दिवस दरवर्षी येतात, तर वळचणीवरून २००० लिटर पाणी उतरते. पागोळ्यांच्या रेषेत जमीन खणली जाऊन चिऱ्याच्या जोत्याखालची माती निघून जाते. त्यामुळे त्या रेषेत खडी किंवा सपाट दगड बसवतात, किंवा वळचणीला पन्हळ लावून पाणी माडाच्या आळ्याकडे वळवतात. माडाखाली पन्हळ झावळीच्या पात्यांनी तुंबते. ती मृगापूर्वी एकदा आणि श्रावणात एकदा साफ करावी लागते.